वाड्यातला कडीपाट पांढरा करताना

आमच्या सदाशिव पेठेतल्या घराचं माजघर दोन खणांचं. दुपारी बारा वाजताही तिथं ट्यूब लावल्याशिवाय तांदूळ निवडता येत नसत. वर कडीपाट, म्हणजे लाकडी कड्यांवर फळ्या (पाट) बसवलेलं छत, त्यावर तपकिरी ऑइलपेंटचे किती थर होते देव जाणे, आणि त्या सगळ्यावर चुलीपासून स्टोव्हपर्यंतच्या धुराचं पुट. घराचं काम काढलं तेव्हा ठरवलं, छत पांढरं करायचं. रंगारीकाका म्हणाले, "वहिनी, दोन हात पडले की लाकूड कुठं दिसतंय?" चार दिवसांत काम उरकलं. सासूबाईंनी शेजारणींना बोलावून छत दाखवलं. तीन आठवड्यांनी कड्यांवर चहाच्या रंगाचे ओघळ उमटले. आणखी एक हात दिला, तर ओघळ त्यातूनही वर आले. पुढच्या हिवाळ्यात सगळं खरवडून पुन्हा केलं, या वेळी स्वतः पदर खोचून. त्याला पाच वर्षं झाली. हा लेख त्या दुसऱ्या खेपेचा.

पहिल्या खेपेला रंग वाईट नव्हता. काकांनी जुना रंग जिथं सुटला होता तिथं खरवडला, आणि उघड्या पडलेल्या सागवानावर थेट पाण्यात कालवायचा प्रायमर मारला. सागाच्या अंगात तेल असतं आणि टॅनिनसारखी रंग सोडणारी द्रव्यं असतात. पाणी लागलं की ती विरघळून वर येतात आणि रंग वाळताना पृष्ठभागावर बसतात. गडद रंगाखाली हे कुणाला कळतही नाही. पांढऱ्याखाली मात्र लाकडाचं सगळं गुपित बाहेर पडतं: गाठ, खिळ्याचा गंज, जुन्या गळतीचा डाग, धुराचा तेलकटपणा. म्हणून या कामात रंगाचे दिवस थोडे आणि त्याआधीचे जास्त. आमच्या एका खोलीला बारा दिवस लागले, त्यातले रंगाचे फक्त तीन.

रंगवायचं की नाही

शिडी आणण्याआधी एकदा विश्रामबागवाड्यासमोर उभं राहून या. दुसऱ्या बाजीरावाच्या काळातलं, १८०७ सालचं ते दर्शनी लाकूडकाम पाहिलं की सागवान नुसतं उघडं ठेवूनही काय दिसतं ते कळतं. तुमच्या तुळयांवर, म्हणजे कड्या पेलणाऱ्या जाड आडव्या लाकडांवर, कोरीवकाम असेल, किंवा लाकडाला आजवर फक्त तेलपाणी आणि पॉलिश झालेलं असेल, तर माझं मत स्पष्ट आहे: पांढऱ्याचा नाद सोडा. एकदा रंग नसांत शिरला की पुन्हा मूळ लाकूड काढणं म्हणजे महिन्याभराची हमाली. घर महापालिकेच्या वारसा यादीत असेल तर आधी तिथं विचारा, आणि भाड्याचं असेल तर मालकांना.

ज्या कडीपाटावर आधीच हिरवा, निळा, तपकिरी ऑइलपेंट आहे किंवा चुना मारलेला आहे, तो पांढरा करायला हरकत नाही. साध्या खोल्यांत पुष्कळदा सागाऐवजी मिळेल ते जंगली लाकूड घातलेलं असतं, तिथंही नाही.

मधला मार्गही आहे, आणि मला तोच जास्त आवडतो. पाट पांढरे करायचे आणि कड्या, तुळया लाकडी ठेवायच्या. उजेड परत फेकायचं काम मुख्यतः पाटच करतात, त्यामुळे खोली बऱ्यापैकी उजळते आणि घराचं रूपही राहतं. मात्र छत हाताला लागेल इतकं खाली असेल तर काळ्या कड्या डोक्यावर आल्यासारख्या वाटतात. आमच्या माजघरात तसंच होतं, म्हणून तिथं सगळं पांढरं केलं. पुढच्या सोप्यात फक्त पाट.

वर नक्की काय आहे ते ओळखा

ओलं बोट फिरवा. बोटाला पांढरी भुकटी लागली तर तो चुना किंवा डिस्टेंपर. चुन्यावर ऑइलपेंट टिकत नाही, कारण चुन्याचा क्षार तेलाचा साबण करून टाकतो आणि रंग पापुद्र्याने सुटतो. तो ओल्या फडक्याने आणि ब्रशने पूर्ण काढावाच लागतो. शेवटचं पुसणं पाण्यात थोडं व्हिनेगर घालून करायचं, मग साध्या पाण्याने.

बोट कोरडं राहिलं तर कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून एका कोपऱ्यात अर्धा मिनिट दाबून धरा. चिकट होऊन तपकिरी उतरलं तर लाखेचं पॉलिश. काहीच झालं नाही तर ऑइलपेंट किंवा व्हार्निश. मग नखाने किंवा पत्तीने कड उचलून पाहा. रंग सहज सुटतो की घट्ट आहे, यावर पुढची निम्मी मेहनत ठरते.

त्याच शिडीवरून आणखी तीन गोष्टी पाहून घ्या. कडीचं भिंतीत गेलेलं टोक स्क्रूड्रायव्हरने टोचा. टोक भसकन आत गेलं तर रंगारी नको, सुतार हवा, आणि कदाचित इंजिनीअरही. बारीक गोल भोकं आणि खाली ताजी, पिठासारखी भुकटी दिसली तर कीड जिवंत आहे. तिथं लाकडासाठीचं कीडनाशक सिरिंजने भोकाभोकात भरायचं आणि डब्यावर सांगितलंय तितके दिवस वाळू द्यायचं. रंगानंतर हे करता येत नाही, कारण लाकडाची छिद्रं बंद झालेली असतात. तिसरं म्हणजे गळतीचा डाग. वरच्या मोरीचं पाणी अजून झिरपत असेल तर आधी मोरी.

कधी

पुण्यात हे काम दिवाळीनंतर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात लाकूड फुगलेलं असतं, चपडा (डाग अडवायला लावायची लाख, पुढे येईलच) वाळताना पांढरट पडतो आणि ऑइल प्रायमर चोवीस तासांनीही बोटाला चिकटतो. एप्रिल-मेमध्ये सगळं झटपट वाळतं हे खरं, पण तेव्हा लाकूड आक्रसून फटी सर्वांत रुंद झालेल्या असतात. तेव्हा ठासून भरलेलं सामान जूनमध्ये पाट फुगले की बाहेर ढकललं जातं. हिवाळ्यात फटी मध्यम असतात.

लाकडातली ओल मोजायचं छोटं यंत्र हार्डवेअरच्या दुकानात किंवा ऑनलाइन मिळतं. आकडा १५ टक्क्यांच्या वर असेल तर थांबा. यंत्र नसेल तर वीतभर प्लास्टिक चारी बाजूंनी टेपने चिकटवून रात्रभर ठेवा. सकाळी आतून दव दिसलं तर लाकूड अजून ओलं आहे.

माप काढताना फसू नका

दुकानदार विचारतो, "खोली केवढी?" आपण म्हणतो, दहा बाय बारा, म्हणजे १२० चौरस फूट. चुकलं. समजा खोलीत ११ कड्या आहेत, प्रत्येक १० फूट लांब आणि पाटाखाली ४ इंच उतरलेली. प्रत्येक कडीच्या दोन बाजू मिळून सुमारे पावणेसात चौरस फूट होतात, अकरांचे ७३. मध्ये एक १२ फुटांची, १० इंच उंचीची तुळई असेल तर तिच्या दोन बाजूंचे आणखी २०. बेरीज २१३. म्हणजे सपाट छताच्या जवळजवळ पावणेदोन पट. रंग, प्रायमर, पॉलिशपेपर आणि मजुरी, सगळं याच आकड्यावर धरा. रविवार पेठेत बोहरी आळीत एका फेरीत सगळं मिळतं, पण डबा कमी पडला म्हणून भर कामात तिथं पार्किंग शोधत फिरण्यासारखी शिक्षा नाही.

खोली रिकामी करणं

सामान बाहेर काढा. उरलेलं मधोमध गोळा करून झाका. जमिनीवर आधी जाड प्लास्टिक, त्यावर जुन्या चादरी. नुसत्या चादरीतून थेंब खाली उतरतो, आणि शहाबादी फरशीत मुरलेला ऑइलपेंटचा थेंब पुन्हा निघत नाही. पंखा उतरवून ठेवा. जुन्या घरात कड्यांवरून लाकडी पट्टीत वायरिंग गेलेलं असतं. मेन स्विच बंद करून इलेक्ट्रिशियनकडून ते आत्ताच बदलून घ्या. पांढऱ्या कडीवर नंतर खिळे ठोकणारा माणूस पाहवत नाही.

आणि वरच्या बिऱ्हाडाला सांगून ठेवा. पाटांवर मातीचा थर आणि त्यावर फरशी असते. वर कुणी कपाट सरकवलं की फटींतून माती गळते. ओल्या पांढऱ्या रंगावर ती बसली की पॉलिशपेपरपासून पुन्हा सुरुवात. रंगाच्या तीन दिवसांत वर मसाला कुटायचा नाही, असा आम्ही काकूंशी तहच केला होता.

धुणं आणि खरवडणं

स्वयंपाकघरातल्या धुरावर रंग बसत नाही. जुना रंग शाबूत असेल तर कोमट पाण्यात थोडा धुण्याचा सोडा घालून, फडकं घट्ट पिळून पुसा. दुसऱ्या बादलीत साधं पाणी ठेवा. पांढऱ्या फडक्यावर पिवळं येणं थांबेपर्यंत पुसायचं. आमच्याकडे चार वेळा पुसावं लागलं. उघड्या सागवानाला सोडा लावू नका, लाकूड काळं पडतं. तिथं थिनरचं फडकं.

आता यातला धोका. घरगुती रंगातलं शिसं ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९० भाग) आत ठेवण्याचा नियम आपल्याकडे २०१६ चा, आणि तो लागू झाला नोव्हेंबर २०१७ पासून. त्याआधीच्या ऑइलपेंटमध्ये शिसं असू शकतं, असंच धरून चाला. त्याची धूळ लहान मुलांच्या आणि गरोदर बाईच्या दृष्टीने फार वाईट. म्हणून कोरडं घासायचं नाही आणि मशीन सँडर लावायचा नाही. स्प्रे बाटलीने रंग ओला करायचा, पत्तीने सुटेल तेवढाच काढायचा आणि घट्ट असलेल्या भागावर वॉटरपेपर ओला फिरवून फक्त चकाकी घालवायची. एन-९५ मास्क आणि चष्मा लागतोच, कारण छताचं काम म्हणजे सगळं तोंडावर. पापुद्रे रोज संध्याकाळी पिशवीत भरून तोंड बांधायचं, फरशी झाडायची नाही, ओल्या फडक्याने पुसायची. मुलं त्या आठवड्यात आत्याकडे.

आगीच्या बत्तीने रंग जाळून काढायचा सल्ला कुणी दिला तर त्याला चहा पाजून परत पाठवा. शिशाची वाफ होते हा एक भाग. दुसरा असा, की वाड्याचं जुनं लाकूड म्हणजे वाळलेलं सरपण. शनिवारवाड्याचं काय झालं ते १८२८ साली पुण्याने पाहिलं आहे.

उघड्या लाकडावर पॉलिशपेपर ८० नंबरपासून सुरू करून १२०, मग १८०, नेहमी नसांच्या दिशेने. आडवा ओरखडा पांढऱ्याखालीही दिसतो.

फटी आणि खिळे

लांबी, म्हणजे खडूची भुकटी आणि तेल कालवलेलं ते पीठ, खड्ड्यांना आणि खिळ्यांच्या भोकांना ठीक. दोन पाटांमधल्या फटीत ती भरू नका. पाट हलतात, लांबी हलत नाही, वर्षभरात तिचे तुकडे ताटात पडतात. तीन-चार मिलिमीटरपर्यंतच्या फटीत रंगवता येणारा अ‍ॅक्रिलिक सीलंट भरा, तो ताणला जातो. सिलिकॉन आणू नका, त्यावर रंग धरत नाही. फट त्याहून रुंद असेल आणि माती गळत असेल तर खालून पातळ लाकडी पट्टी लावा, पण तिला एकाच पाटावर बसवा. दोन्हीकडे ठोकली तर पावसाळ्यात एक तरी पाट चिरतो.

लोखंडी खिळा आणि सागवान यांचं जुनं वैर. ओल लागली की खिळ्याभोवती निळसर काळा डाग उमटतो. प्रत्येक डोकं घासून त्यावर गंजरोधक प्रायमरचा ठिपका द्या. कंटाळवाणं काम आहे. आमच्या खोलीत खिळे दोनशेच्या वर निघाले, भाच्याने एका दुपारी गाणी लावून संपवले.

चपडा

सगळं गणित इथं आहे. डाग अडवायला लाखेसारखी दुसरी स्वस्त वस्तू नाही. सुतार ज्याने पॉलिश करतात तोच चपडा, एक लिटर स्पिरिटला १५० ते २०० ग्रॅम, काचेच्या बरणीत रात्रभर. मध्ये दोन-तीनदा ढवळायचं. विरघळला की आणखी एक-दोन दिवस हलवायचं नाही. चपड्यात थोडं मेण असतं, ते ढगासारखं तळाशी बसतं. वरचं निवळ तेवढं मलमलीतून गाळून घ्यायचं, कारण मेण वर राहिलं तर पुढच्या थराची पकड कमी होते. पत्र्याच्या डब्यात ठेवू नका, रंग काळपट होतो.

लावण्याआधी उघडं सागवान थिनरच्या फडक्याने पुसून घ्या. वरवरचं तेल निघतं. मग मऊ ब्रशने पातळ हात, भरभर, मागे न फिरता. स्पिरिट उडून जातं, अर्ध्या-पाऊण तासात थर वाळतो. पुन्हा दुसरा हात. गाठींना, पाण्याच्या डागांना आणि खिळ्यांच्या ठिपक्यांना तिसरा. हे चालू असताना खिडक्या उघड्या, गॅस बंद, देव्हाऱ्यातलं निरांजनसुद्धा शांत. स्पिरिटची वाफ पेटायला ठिणगी पुरते.

आता घाई असली तरी एक कराच. सर्वांत काळ्या कडीचा फूटभर तुकडा निवडा, त्यावर चपडा, प्रायमर आणि रंग असं सगळं पूर्ण करा आणि पंधरा दिवस बघत राहा. पिवळं उमटलं नाही तर पुढं जा. उमटलं तर चपड्याचा आणखी एक हात. पहिल्या वेळी हे पंधरा दिवस वाचवले आणि अख्खं वर्ष घालवलं.

नव्या बंगल्यांत छताला पाइनच्या फळ्या असतात. तिथं टॅनिनपेक्षा गाठींतला राळेचा चीक सतावतो, पण उपाय हाच. प्रत्येक गाठीवर चपडा, कडेला दोन बोटं जास्त.

प्रायमर आणि रंग

चपड्यावर १८० चा पेपर हलकेच फिरवा, धूळ पुसा, आणि ऑइलबेस वुड प्रायमरचा एक सलग हात द्या. वुड प्रायमर गुलाबी आणि पांढरा असा दोन्ही मिळतो. दुकानदार सवयीने गुलाबी देतो. पांढराच मागा, नाहीतर तो झाकायला रंगाचा एक हात वाढतो. रात्रभर वाळू द्या, बोट चिकटलं तर आणखी एक दिवस.

वरचा रंग मात्र ऑइलपेंट नको. यावर आमच्या काकांशी माझं चांगलंच वाजलं. पांढरा ऑइलपेंट उजेड न मिळाल्यास पिवळा पडतो, आणि माजघराच्या छताला ऊन दिसतं कुठं? तसबिरीमागची भिंत पिवळी पडलेली आपण सगळ्यांनी पाहिली आहे, ते हेच. पाण्यात कालवायचा अ‍ॅक्रिलिक इनॅमल घ्या. खाली चपडा आणि ऑइल प्रायमर असल्यामुळे त्यातलं पाणी आता लाकडापर्यंत पोचत नाही. फिनिश सॅटिन किंवा मॅट. ग्लॉसमध्ये प्रत्येक खड्डा ट्यूबच्या उजेडात चमकून उठतो.

हात मारायचा क्रम असा. एका वेळी दोन कड्यांमधली एकच पट्टी घ्या. आधी दीड इंची ब्रशने कडी आणि पाट मिळतात तो कोपरा, मग कडीच्या दोन्ही बाजू, मग चार इंची छोट्या रोलरने पाट, आणि लगेच कोरड्या ब्रशने नसांच्या दिशेने एक अलगद फेर. कड्यांचे तळ सगळ्यात शेवटी, सर्व कड्यांचे एकदम, म्हणजे बाजूंवरून आलेले थेंब त्यातच सारखे होतात. थेंब सगळ्यात जास्त कडीच्या खालच्या धारेवर जमतात. पाच मिनिटांनी मागे वळून त्या धारेवर नजर टाका, वाळलेला थेंब मग पत्तीनेच काढावा लागतो. दोन पातळ हात, गरज वाटली तर तिसरा. मधलं अंतर डब्यावर लिहिलेलं असतं, त्यात हिवाळ्याच्या सकाळी तासभर वाढवा.

जुने रंगारी वर चढण्याआधी तोंडाला आणि हातांना खोबरेल चोळतात. ऑइल प्रायमरच्या दिवशी तुम्हीही चोळा, शिंतोडे फडक्याने सुटतात. चढायला शिडीपेक्षा दोन लाकडी घोडे आणि त्यावर फळी बरी. मान वर करून शिडीवर अर्ध्या तासात चक्कर येते.

फक्त पाट पांढरे करत असाल तर आधी पाट पूर्ण करा, दोन दिवस जाऊ द्या, मग पाटांच्या कडा मास्किंग टेपने राखून कड्यांना पॉलिश करा. उलट केलं तर पॉलिशवर गेलेला पांढरा थेंब नसांत शिरतो.

शेडकार्डावरचा सर्वांत पांढरा पांढरा निवडू नका. ट्यूबखाली तो निळसर, दवाखान्यासारखा दिसतो. किंचित दुधाळ छटा घ्या आणि तिचा तुकडा दिवसा, संध्याकाळी आणि दिवा लावून असा तीनदा पाहा.

नंतर

रंग हाताला वाळला तरी पूर्ण कडक व्हायला दोन-तीन आठवडे घेतो. तोवर पंख्याचा हुक घासू नका, गणपतीची माळ टेपने चिकटवू नका. उरलेला रंग छोट्या बाटलीत काठोकाठ भरून, झाकणावर शेडचा नंबर आणि तारीख लिहून ठेवा. थोडा चपडाही स्पिरिटमध्ये न भिजवता कोरडाच ठेवा, भिजवलेला फार महिने राहिला तर लावल्यावर नीट वाळत नाही.

पहिला पावसाळा संपला की दसऱ्याच्या साफसफाईत बॅटरी घेऊन एकदा छत बघा. फटीत केसासारखी चीर दिसली तर सीलंटची एक रेघ. कुठं पिवळा ठिपका आला असेल तर तेवढ्याच जागी पेपर, चपडा, प्रायमर, रंग. आमच्याकडे पहिल्या वर्षी दोन ठिपके निघाले, दोन्ही तुळईच्या भिंतीकडच्या टोकाला, जिथं माझा ब्रश पोचला नव्हता आणि मी शिडी सरकवायचा कंटाळा केला होता.